गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यान

मोझांबिकच्या मध्यभागी, सोफाला प्रांतात, पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीच्या दक्षिण टोकाशी वसलेले अभयारण्य. १९२० पासून शिकारीसाठी राखलेल्या या रानाला पोर्तुगीज राजवटीत, १९६० मध्ये, राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

येथील सारे ऋतुचक्र उरेमा तलावाभोवती फिरते. पश्चिमेचा गोरोंगोसा पर्वत (उंची १,८६३ मी.) पावसाचे ढग अडवतो. त्यावरून उतरणारे पाणी पावसाळ्यात तलावात मावत नाही, मैदानभर पसरते. तेव्हा कोरडी राहतात ती वाळवीची उंच वारुळे. त्यांवर झाडेझुडपे माजतात. पाणी ओसरले की कोवळे गवत उगवते आणि चरणारे कळप खाली उतरतात.

१९७७ ते १९९२ या काळातील गृहयुद्धाने हे चक्र मोडले. सैनिकांनी मांसासाठी प्राणी मारले, हस्तिदंत विकून शस्त्रे घेतली. मोठे सस्तन प्राणी नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. अडीच हजारांवर असलेले हत्ती अडीचशेच्याही खाली आले.

या संहाराची खूण हत्तिणींच्या अंगावर आजही दिसते. आशियाई हत्तिणींना मोठे सुळे नसतातच. आफ्रिकेत मात्र नर-मादी दोघांनाही असतात. युद्धापूर्वी येथील १८.५ टक्के माद्या जन्मतः बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धानंतर हे प्रमाण वाढून सुमारे ५१ टक्क्यांवर गेले. सुळे नाहीत म्हणून शिकाऱ्यांनी ज्यांना सोडले, त्यांच्याच लेकी पुढे वाढल्या. हा गुण एक्स गुणसूत्रातून येतो आणि तो मिळालेला नर गर्भातच दगावतो, असे २०२१ मधील संशोधनातून दिसून आले. सुळ्यांनी साल सोलणे, माती उकरणे ही हत्तीची रोजची कामे. ती कमी झाली की झाडोराही बदलतो.

२००४ पासून सरकार आणि अमेरिकी दानशूर ग्रेग कार यांचे प्रतिष्ठान यांनी पुनरुज्जीवन हाती घेतले. प्राणी परतले, पण जुन्या प्रमाणात नाही. पार्श्वभागावर पांढरे कडे असलेल्या वॉटरबक या हरणासारख्या प्राण्याची संख्या पन्नास हजारांपुढे गेली. रानरेडे आणि झेब्रे मागेच राहिले. बिबट्या नाहीसा झाल्याने झाडीत दबून राहणारा बुशबक (हाही हरणासारखाच, पण लहान) उघड्या मैदानात निर्धास्त चरू लागला. संशोधकांनी ध्वनिवर्धकावर बिबट्याचा आवाज ऐकवला, तेव्हा तो पुन्हा झाडांच्या आडोशाला सरकला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आफ्रिकी रानकुत्रे (आपल्या कोळसुंद्यांहून ही जात वेगळी) आणून येथे सोडण्यात आले; त्यांच्या भक्ष्यांत बुशबकही आहे.