इराण्याचे हॉटेल, लंडनची साखळी आणि रचलेला वारसा

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात २०१० साली ‘डिशूम’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांना वाहिलेली जागा अशीच त्याने आपली ओळख करून दिली. आज लंडनमध्ये शोरडिच, किंग्ज क्रॉस, कार्नाबी, केन्सिंग्टन येथे आणि लंडनबाहेर एडिंबरो, मँचेस्टर, बर्मिंगहॅम येथे त्याच्या शाखा आहेत. साखळीच्या संस्थापकांपैकी शमिल आणि कवी ठकरार हे चुलतभाऊ ज्या गुजराती घराण्यातले आहेत, ते १९७२ साली इदी अमीनच्या राजवटीत युगांडातून बाहेर पडले आणि ब्रिटनमध्ये ‘टिल्डा’ बासमतीच्या व्यवसायासाठी ओळखले जाऊ लागले. म्हणजे हे इराणी नव्हेत, झरतुष्ट्रीही (पारशांच्या धर्माचे) नव्हेत. ज्या परंपरेचे नाव ते घेतात, तिच्याशी त्यांचे नाते रक्ताचे नाही, आवडीचे आणि अभ्यासाचे आहे. अस्सलपणाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. मात्र ‘खरे की खोटे’ एवढ्यावर तो सुटत नाही.

या साखळीची कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक शाखेसाठी आधी एक कथा लिहिली जाते. कोणी एक कल्पित माणूस, एक ठरावीक साल आणि मुंबईचा एक ठरावीक भाग घेतला जातो आणि त्या कथेला शोभेल अशी सजावट नंतर उभी राहते. किंग्ज क्रॉसची शाखा रेल्वेच्या मालाच्या एका जुन्या शेडमध्ये आहे. तिच्या कथेत १९२८ सालचा एक तरुण इराणी व्हिक्टोरिया टर्मिनसजवळच्या गोदामात हॉटेल उघडतो. सायमन कमिशन त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरले होते आणि युसूफ मेहेरअली यांनी दिलेली ‘सायमन, परत जा’ ही घोषणा शहरभर घुमली होती. तिचे पडसाद या शाखेच्या भिंतींवर आहेत. एडिंबरोची शाखा पॅट्रिक गेडीस यांना वाहिलेली आहे. नगररचनेचे हे स्कॉटिश अभ्यासक १९२० च्या सुमारास खरोखरच मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. पात्रे कल्पित असली तरी त्यांच्याभोवतीचा इतिहास खरा आहे आणि तो मेहनतीने शोधलेला आहे. शिवाय कथा ही कथाच आहे, हे कंपनी लपवून ठेवत नाही. त्यामुळे या व्यवहाराला फसवणूक म्हणता येत नाही.

भारतीय जेवणाला सजवलेल्या भूतकाळात बसवून विकण्याची लंडनची रीत मात्र दोनशे वर्षांहून जुनी आहे. पाटण्याहून गेलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले. कंपनी सरकारची नोकरी करून परतलेल्या इंग्रजांसाठी तेथे वेताचे सोफे, भिंतींवर हिंदुस्थानातील देखावे आणि ओढायला हुक्का होता. दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. पुढे १९२४ च्या वेंब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनानंतर एडवर्ड पामर यांनी १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर ‘वीरस्वामी’ सुरू केले आणि राजेशाही थाट पुन्हा टेबलावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर सिल्हेटहून (आजच्या बांगलादेशातून) आलेल्या माणसांनी ब्रिटनभर करीची हॉटेले चालवली. त्यांच्या पाट्यांवर ताजमहाल आला, भिंतींवर मखमली नक्षीचा लाल कागद आला आणि सिल्हेटचे स्वतःचे जेवण मात्र स्वयंपाकघरात कामगारांपुरते राहिले. प्रत्येक वेळी भूतकाळ गिऱ्हाईकाच्या आठवणीला किंवा कल्पनेला रुचेल असाच निवडला गेला. ‘डिशूम’ने महाराजे आणि मोगल बाजूला सारून शहरातले साधे, मिश्र वस्तीचे हॉटेल पुढे आणले, ही माझ्या मते मोठी सुधारणा आहे.

आता मूळ वस्तूकडे यावे. पारशी गुजरातच्या किनाऱ्यावर कित्येक शतके आधी आले. मुंबईत ज्यांना ‘इराणी’ म्हणतात ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून आले. तिथल्या काजार राजवटीत झरतुष्ट्री लोकांना जिझिया भरावा लागे आणि छळ नित्याचा होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये तिकडे धाडलेले माणेकजी लिमजी हातरिया अनेक वर्षे खटपट करत राहिले, तेव्हा १८८२ मध्ये तो कर उठला. त्याआधी १८७१ च्या सुमाराचा दुष्काळ होऊन गेला होता. या सगळ्यांतून निघालेली माणसे मुंबईत चहा, पाव आणि किराणा विकू लागली. यझ्दकडचे मुसलमानही या धंद्यात उतरले. पुण्याच्या डेक्कनवरचे १९३५ चे ‘गुडलक’ हे त्याच परंपरेतले. सजवलेल्या कथांमध्ये इराणी हा बहुधा झरतुष्ट्रीच असतो आणि ही दुसरी बाजू त्यांत हरवते.

मराठी माणसाच्या तोंडी मात्र हा भेद कधी फारसा आला नाही. त्याच्या लेखी तो नाक्यावरचा इराणी होता. जातवार खाणावळींच्या आणि स्थानकांवरच्या ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा पाट्यांच्या काळात एका चहावर तासभर बसता येईल अशी जागा त्याने गिरणगावातल्या कामगाराला, कॉलेजच्या मुलाला आणि टॅक्सीवाल्याला दिली. दर्शनी भागी गल्ला, त्यामागे बरण्यांत बिस्किटे, मध्ये संगमरवरी पृष्ठाची टेबले, भिंतीला आरसे आणि कोपऱ्यात हात धुण्याचे बेसिन अशी तिची मांडणी असे. पोऱ्या न मागताच केक-पेस्ट्रीची बशी टेबलावर ठेवून जाई आणि उठताना जेवढे नग संपले असतील तेवढ्यांचेच पैसे लागत. पाणी कम (कमी पाण्याच्या, दाट) चहात ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, बुडवला की वर लोण्याचा तवंग येई आणि तो चहा तसाच प्यायचा असे. धोबी तलावच्या ‘कयानी’त (स्थापना १९०४) ही मांडणी आजही बऱ्याच अंशी पाहता येते.

या मांडणीत ‘इराणी’ असे थोडेच होते. वाकवलेल्या लाकडाच्या त्या काळ्या खुर्च्यांचा नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ मध्ये काढला. ती खुर्ची सुटे भाग करून पेटीत भरता येई, म्हणून स्वस्तात जगभर गेली आणि युरोपातल्या कॅफेंत जशी बसली तशीच मुंबईतही बसली. पाव गोव्याकडून आलेल्या भट्टीवाल्यांच्या परंपरेतला, खिमा मुंबईचा आणि रास्पबेरी सोडा पारशी कारखान्यातला. ज्याला आज वारसा म्हणतात, ते परक्या मुलखात धंदा उभा करणाऱ्या माणसांनी परवडेल ते गोळा करून जुळवलेले सामान होते. ‘ब्रिटानिया’चे उदाहरण याहून बोलके आहे. बॅलार्ड इस्टेटमधले हे हॉटेल १९२३ चे आहे, पण त्याची ओळख झालेला बेरी पुलाव बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणातल्या वास्तव्यानंतर बऱ्याच उशिरा, १९८० च्या दशकात, तेथील जेवणात आणला. लंडनमध्ये तो ‘ब्रिटानिया’चेच नाव लावून मिळतो. तेव्हा मूळ हॉटेलांनीही परंपरा घडवली. फरक एवढाच की, ती रोजच्या गिऱ्हाईकासमोर, त्याच्या जिभेवर पारखून घडली.

लंडनच्या जेवणात यापेक्षा दूरच्याही गोष्टी आहेत. तेथील सर्वांत गाजलेली काळी डाळ रात्रभर शिजवली जाते आणि ती उत्तमही असते, पण तिचे घराणे फाळणीनंतरच्या दिल्लीतल्या पंजाबी हॉटेलांचे आहे. नानमध्ये गुंडाळलेले बेकन हा तर लंडनमध्येच जुळवलेला पदार्थ आहे. चवीला दोष देण्याचे कारण नाही. इराण्याच्या हॉटेलात हे मिळत असे, असा समज मात्र तेथे जेवणाऱ्या अनेकांचा होतो आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

भिंतीवरच्या नियमांच्या पाटीचेही असेच झाले. उगाच बसू नये, बेसिनपाशी केस विंचरू नयेत, अशा सूचना इराणी मालक खरोखर लावत. निसिम इझिकेल यांनी त्यांतून इंग्रजी कविता केली आणि ती प्रसिद्ध झाल्यावर पाटीला स्वतंत्र आयुष्य मिळाले. आता ती सजावट आहे. पाटी लिहावी लागली, कारण माणसे खरेच तासन्‌तास बसत आणि मालक कुरकुरत का होईना त्यांना बसू देई. स्वस्त दर आणि रेंगाळण्याची मुभा हाच या हॉटेलांचा गाभा होता, असे मी ठामपणे मानतो, आणि नेमकी तीच गोष्ट कोणत्याही साखळीला उचलून नेता येत नाही.

याचे कारण भाड्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचे भाडे जवळजवळ गोठवले, म्हणून मोक्याच्या कोपऱ्यावर बसूनही इराण्याला चहा स्वस्त ठेवता आला. पुढे भागीदारांत वाद झाले, मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली, उडुपी हॉटेलांची स्पर्धा आली आणि जमिनीचा भाव असा चढला की जागा सोडण्यातच जास्त पैसा होता. काहींनी तग धरण्यासाठी बिअरचा परवाना घेतला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेला ‘परमिट रूम’ हा शब्द महाराष्ट्रात आजही रस्तोरस्ती पाटीवर दिसतो आणि ‘डिशूम’ने तो आपल्या मद्यालयांना दिला आहे. १९६० च्या दशकात जवळपास चारशे इराणी हॉटेले होती आणि आता तिसाहूनही कमी उरली, हा सर्वत्र फिरणारा आकडा ‘डिशूम’च्या मजकुरातही ठळकपणे येतो.

भारतात २०१३ मध्ये गुरुग्रामच्या सायबर हबमध्ये इराणी हॉटेलाच्याच धर्तीवर सजवलेले ‘सोडाबॉटलओपनरवाला’ हे उपाहारगृह सुरू झाले आणि नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे प्रत्यक्ष मुंबईतही आले. तेथे बरण्या होत्या, ठरावीक खुर्च्या होत्या, बेरी पुलाव होता. भाडे मात्र चालू बाजारभावाचे होते आणि त्या भाड्यात एका चहावर दुपार काढणाऱ्या गिऱ्हाईकाला टेबल देणे कोणत्याही मालकाला शक्य नसते.