हवा कुणाची, मते कुणाला: न्यू हॅम्पशायर, जानेवारी २००८

८ जानेवारी २००८ च्या सकाळी न्यू हॅम्पशायर या अमेरिकेतल्या छोट्याशा राज्यात मतदान सुरू झाले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या मतदानात, कोण जिंकणार याबद्दल जाणकारांमध्ये फारसा मतभेद उरलेला नव्हता. पाचच दिवसांपूर्वी, ३ जानेवारीला, आयोवामध्ये बराक ओबामा यांनी ३७.६ टक्के पाठबळ मिळवून हिलरी क्लिंटन यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलले होते. जॉन एडवर्ड्स अगदी थोड्या फरकाने क्लिंटन यांच्या पुढे, दुसऱ्या स्थानी होते. त्यानंतरच्या जनमत चाचण्यांची सरासरी न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामांना सुमारे ८ टक्क्यांची आघाडी देत होती आणि काही चाचण्यांत ती १३ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. रात्री मतमोजणी आटोपली तेव्हा क्लिंटन ३९.१ टक्के मते घेऊन विजयी झाल्या होत्या, ओबामा ३६.५ टक्क्यांवर राहिले होते आणि दोघांमधला फरक साडेसात हजारांहून किंचित अधिक मतांचा होता.

पाच दिवसांत दोन धक्के बसले. पहिल्या धक्क्याला मतदारांनी कसा प्रतिसाद दिला याचे मोजमाप चाचण्यांनी केले आणि दुसऱ्या धक्क्याने ते मोजमापच चुकीचे ठरवले. म्हणूनच मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना ही निवडणूक एखाद्या प्रयोगासारखी वाटते. धक्कादायक निकालानंतर लोकांचे मत किती बदलते आणि मत व्यक्त करण्याचा त्यांचा उत्साह किती बदलतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकसारख्याच दिसतात.

अमेरिकेतील पक्ष आपला अध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांतून, अनेक महिने चालणाऱ्या मालिकेतून निवडतात. प्रत्येक राज्याचा निकाल त्याच रात्री जाहीर होतो, त्यामुळे पुढच्या राज्यातील मतदार आधीच्या राज्याने काय केले हे जाणूनच मतदान करतो. आपल्याकडे नेमके याच्या उलट आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राने पाच टप्प्यांत मतदान केले, पण मतमोजणी सगळीकडे ४ जूनलाच झाली आणि शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई होती. विदर्भाने कुणाला कौल दिला हे मुंबईकराला मतदानाच्या दिवशी अधिकृतपणे ठाऊक असण्याची सोयच नव्हती. आपल्याकडे ‘हवा’ असते ती अंदाजाची. अमेरिकेत ती मोजलेल्या मतांची असते.

दुसऱ्यांची निवड पाहून आपली निवड ठरवणे हे मूर्खपणाचे लक्षण आहे, असे मानण्याची घाई करू नये. या वागण्याचे एक सुबक प्रतिमान अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये मांडले. (नोबेल पारितोषिक त्यांना पुढे २०१९ मध्ये, वेगळ्या कामासाठी मिळाले. त्यांचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, हे मराठी वाचकाला सांगण्याचा मोह आवरत नाही.) शेजारी शेजारी दोन खाणावळी आहेत. सर्वसाधारण समज असा की पहिली किंचित बरी असावी. शंभर माणसांपैकी नव्याण्णव जणांच्या कानावर मात्र दुसरी चांगली असल्याचे आलेले आहे, तर एकाच्या कानावर पहिली चांगली असल्याचे. योगायोगाने हा एकटाच सर्वांत आधी येतो आणि पहिल्या खाणावळीत शिरतो. दुसरा माणूस त्याला पाहतो, त्याला मिळालेली खबर आणि आपल्याला मिळालेली खबर यांची वजाबाकी करतो, आणि उरलेल्या सर्वसाधारण समजाला धरून त्याच्या मागोमाग आत जातो. आता तिसऱ्याला दोघे आत बसलेले दिसतात. शेवटी शंभरच्या शंभर माणसे पहिल्या खाणावळीत जेवतात आणि दुसरी, जी खरोखर चांगली होती, रिकामी राहते. यात प्रत्येक माणूस विचारपूर्वकच वागलेला आहे, हे या प्रतिमानाचे मर्म आहे.

निवडणुकीत ही साखळी इतकी सरळ चालत नाही, कारण मतदार आधीच्या राज्याचा निकाल पाहताना तो मनातल्या अपेक्षेशी ताडून पाहतो. ब्राउन विद्यापीठाचे ब्रायन नाइट आणि नेथन शिफ यांनी २००४ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकांचा अभ्यास करून २०१० मध्ये हे संख्यात्मक पद्धतीने दाखवले. एखादा उमेदवार जिंकणारच असे सगळ्यांना वाटत असेल आणि तो जिंकला, तर पुढच्या राज्यातील मतदाराला त्यातून नवे काहीच कळत नाही. नवी माहिती असते ती अपेक्षा आणि निकाल यांमधील अंतरात. २००४ मध्ये आयोवाच्या आधी हॉवर्ड डीन आघाडीवर मानले जात होते. तिथे जॉन केरी सुमारे ३८ टक्के मिळवून पहिले आले आणि डीन १८ टक्क्यांवर घसरले, तेव्हा इतर राज्यांतील मतदारांनी केरींविषयीचे आपले मत झपाट्याने बदलले. या दोघांच्या हिशेबानुसार, उमेदवार ठरवण्यात आरंभीच्या राज्यांतील मतदाराचा प्रभाव उशिरा मतदान करणाऱ्याच्या पाचपटीपर्यंत असू शकतो. एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व कागदावर अबाधित राहते, एवढेच.

अपेक्षेचे हे गणित कधी कधी क्रूर असते. १९७२ मध्ये एडमंड मस्की यांनी न्यू हॅम्पशायर ४६ टक्के मतांनी जिंकले, जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७ टक्के मिळाले, आणि तरीही तो मस्कींचा पराभव मानला गेला. शेजारच्या राज्यातून आलेल्या या उमेदवाराने निम्म्याहून अधिक मते घ्यावीत अशी अपेक्षा होती. याच्या उलट १९८४ मध्ये गॅरी हार्ट आयोवात वॉल्टर मॉन्डेल यांच्या ४९ टक्क्यांसमोर जेमतेम १६ टक्क्यांवर होते, पण हा दुसरा क्रमांक अनपेक्षित असल्यामुळे आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायर त्यांनी जिंकले.

२००८ मध्येही हेच होणार, असे सर्वांनी धरले होते आणि चाचण्या तसेच सांगत होत्या. निकाल उलटा लागताच कारणे पुढे येऊ लागली. सर्वांत लोकप्रिय ठरले ते पोर्ट्समथमधील एका कॅफेतील दृश्य: मतदानाच्या आदल्या दिवशी एका मतदार स्त्रीच्या साध्या प्रश्नाला उत्तर देताना क्लिंटन यांचा आवाज दाटून आला आणि डोळे पाणावले. स्त्रियांचे मन त्यामुळे वळले, असा निष्कर्ष निघाला. आयोवात ओबामांना क्लिंटन यांच्यापेक्षा अधिक स्त्रियांनी पसंती दिली होती; न्यू हॅम्पशायरच्या मतदानोत्तर चाचणीत मात्र स्त्रियांमध्ये क्लिंटन ४६ विरुद्ध ३४ अशा पुढे होत्या, हे खरेच आहे. पण त्याच चाचणीत आणखी एक आकडा होता. आपण मतदानाच्या दिवशीच निर्णय घेतला असे १७ टक्के मतदारांनी सांगितले, आणि या गटात क्लिंटन ३९, ओबामा ३६ असेच प्रमाण होते, म्हणजे एकूण निकालाची जवळजवळ प्रतिकृती. अश्रूंनी अखेरच्या क्षणी लाट फिरवली असती तर या गटात ती ठळक दिसायला हवी होती.

दुसरे कारण वंशाचे सांगितले गेले. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली चाचण्यांत पुढे असूनही कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. तेव्हापासून गोरे मतदार चाचणीत संकोचापोटी खोटे बोलतात या कल्पनेला त्यांचे नाव चिकटले आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र ओबामांच्या मतांचा अंदाज बरोबरच होता. चाचण्यांत ते ३७-३८ टक्क्यांच्या आसपास होते आणि मिळालेही ३६.५. चुकला तो क्लिंटन यांचा आकडा, जो तिशीच्या आसपास दाखवला गेला आणि प्रत्यक्षात ३९ निघाला. शिवाय राज्यशास्त्रज्ञ डॅनियल हॉपकिन्स यांनी १९८९ ते २००६ या काळातील गव्हर्नर आणि सिनेटच्या निवडणुका तपासल्या, तेव्हा ब्रॅडली परिणाम १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर विरून गेलेला आढळला. आणखी एक गोष्ट चाचण्यांच्या बाजूने नोंदवायला हवी: त्याच राज्यात, त्याच दिवसांत रिपब्लिकन पक्षात जॉन मॅकेन मिट रॉम्नींना हरवतील, हा अंदाज बरोबर आला होता. म्हणजे फोन करण्याची पद्धत मुळातूनच सदोष होती असे म्हणता येत नाही.

मग चुकले कुठे? अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या व्यावसायिक संघटनेने मिशिगन विद्यापीठाचे मायकेल ट्रॉगट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल मार्च २००९ मध्ये आला. एकाच कारणावर बोट ठेवण्याचे समितीने टाळले, परंतु मला सर्वांत बोलका वाटतो तो तिचा एक तपशील: पहिल्याच फोनला उत्तर देणाऱ्यांपेक्षा, पुन्हा पुन्हा फोन करून गाठावे लागलेल्या मतदारांमध्ये क्लिंटन यांचे समर्थक अधिक होते. कमी शिकलेले मतदार आणि कामगार संघटनांचे सदस्य हे क्लिंटन यांचे पाठीराखे गट नमुन्यांत पुरेसे आले नव्हते. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांच्यामध्ये पाचच दिवस असल्यामुळे चाचणी करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा फोन करायला वेळच नव्हता. १९८० मध्ये याच दोन राज्यांमध्ये पाच आठवड्यांचे अंतर होते. आयोवात रॉनाल्ड रेगन यांना हरवून थोरल्या जॉर्ज बुशनी निर्माण केलेली हवा तेवढ्या काळात ओसरून गेली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये रेगन ५० विरुद्ध २३ टक्क्यांनी जिंकले.

आपला संघ जिंकल्यावर आपण सामन्याविषयी भरभरून बोलतो आणि हरल्यावर विषय टाळतो, तसेच हे आहे. विजयाने हुरूप आलेला समर्थक फोन उचलतो, मत सांगतो. खट्टू झालेला फोन ठेवून देतो, पण मतदानाच्या दिवशी रांगेत मात्र उभा राहतो. या शक्यतेला पुढे २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत भक्कम आधार मिळाला. अँड्र्यू गेलमन, शरद गोयल आणि सहकाऱ्यांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून सुमारे साडेतीन लाख लोकांची मते, त्यांतील अनेकांची वारंवार, विचारली होती. ओबामा आणि रॉम्नी यांच्या पहिल्या वादविवादानंतर चाचण्यांत ओबामांची मोठी घसरण दिसली. परंतु नमुन्यात कोणत्या पक्षाचे लोक किती आले याचा हिशेब धरल्यावर ती घसरण बहुतांशी नाहीशी झाली. माणसे फारशी बदलली नव्हती, उत्तर देणारी माणसे बदलली होती.

मतपत्रिकेचाही थोडा वाटा असावा. नावांचा क्रम तेव्हा सर्व मतदान केंद्रांवर एकच होता, त्यात क्लिंटन वरच्या भागात आणि ओबामा तळाशी होते. यामुळे क्लिंटन यांना सुमारे ३ टक्के मते अधिक मिळाली असावीत, असे स्टॅनफर्डचे जॉन क्रॉसनिक यांनी म्हटले. शिवाय आयोवातील डेमोक्रॅट मतदार तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, सभेत उभे राहून आपला गट निवडत, तर न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान गुप्त होते.

मराठीत पश्चातबुद्धी हा फार उपयुक्त शब्द आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये तिचा प्रयोग केला, आणि त्यासाठी प्रसंग निवडला १८१४ मधील इंग्रज आणि गुरखे यांच्या लढाईचा. विद्यार्थ्यांना लढाईची पार्श्वभूमी दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट ‘खरा’ म्हणून सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून अधिक संभवनीय वाटला. निकालाला असा मागाहून अर्थ चिकटवणे न्यू हॅम्पशायरमध्ये पूर्वीही घडले होते. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाचे विरोधक युजीन मॅकार्थी यांना तिथे सुमारे ४२ टक्के मते मिळाली आणि त्याच महिन्यात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी माघार घेतली. हा शांततेचा कौल मानला गेला. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मॅकार्थींच्या मतदारांचा नंतर अभ्यास केला, तेव्हा जॉन्सन यांचे युद्धधोरण पुरेसे कठोर नाही म्हणून नाराज असलेल्यांची संख्या युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ दीडपट निघाली.

२००८ च्या त्या निवडणुकीत ओबामा आणि क्लिंटन यांना न्यू हॅम्पशायरमधून, उमेदवार निवडणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनासाठी, प्रत्येकी ९ प्रतिनिधी मिळाले आणि उमेदवारीची लढत जूनपर्यंत रेंगाळली. ट्रॉगट समितीचे काम मात्र त्याहून लांबले, कारण चाचण्या घेणाऱ्या काही संस्थांनी मागितलेली माहिती उशिरा दिली, तर काहींनी ती पूर्णपणे दिलीच नाही. अहवाल आला तेव्हा ओबामांना अध्यक्षपदाची शपथ घेऊन दोन महिने झाले होते.