डाइक की उलटलेली नदी? मंगळावरचे दोन फसवे उंचवटे

साक्रीहून नंदुरबारकडे जाताना कपाशीच्या शेतांपलीकडे काळ्या दगडाची लांबलचक भिंत दिसते आणि नवख्या माणसाला ती एखाद्या पडक्या गढीची तटबंदी वाटते. ती डाइक असते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हाथर साचण्याच्या काळात, जमिनीतल्या उभ्या भेगांत शिलारस शिरला आणि तिथेच थिजला. पुढे भोवतालचा खडक आधी झिजला आणि हा चिवट भाग उघडा पडला. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक डाइकांची नोंद असून त्यांतल्या बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम धावतात.

मंगळाच्या छायाचित्रांतही असेच अरुंद, लांबट उंचवटे दिसतात, पण ते सगळे डाइक नसतात. काही चक्क नदीपात्रे असतात. पात्रातली वाळू-गोटे खनिजांनी सांधून घट्ट होतात, काठांवरचा मऊ गाळ वारा उडवून नेतो आणि एके काळी खोलगट असलेले पात्र आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच उरते. हीच उलटलेली नदी. एकाचा उगम जमिनीखालच्या शिलारसात आणि दुसऱ्याचा पृष्ठभागावरच्या पाण्यात, तरीही दोन्ही दिसायला सारखे. म्हणून इथली चूक महागात पडते.

फरक ओळखायचा तो वाटेवरून. डाइक भेगेच्या दिशेने सरळ जाते आणि तिला चढ-उताराची पर्वा नसते. मंगळावरच्या हायगेन्स विवराजवळ शेकडो किलोमीटर गेलेला असा सरळ उंचवटा महाकाय डाइक मानला जातो. नदी मात्र उतार सोडत नाही, वळणे घेते आणि गिरणा, पांझरा, बोरी तापीला मिळतात तसे तिला फाटे येऊन मिळतात. त्रिभुज प्रदेशात मात्र हे फाटे उलट फुटत जातात. एबर्सवाल्डे विवरातला, २००३ साली प्रकाशात आलेला त्रिभुज प्रदेश याचा सर्वांत देखणा नमुना आहे. तिथे मुख्य प्रवाहापासून तुटलेले नागमोडी वळणसुद्धा उंचवट्याच्या रूपात टिकले आहे. असे वळण डाइकला घेता येत नाही.

त्याआधी एक खात्री करावी लागते, ती म्हणजे समोर उंचवटाच आहे की चर. सूर्यप्रकाश कोणत्या बाजूने येतो हे लक्षात न घेता छायाचित्र पाहिले, तर डोळा खोलगट भाग सहज उंच ठरवतो. म्हणून आधी सावली आणि उंचीची मापे पाहावीत.

खानदेशात शंका आली तर हातोडा चालवता येतो. डाइकची कड बारीक कणांची असते, कारण तिथे शिलारस थंड खडकाला टेकून लवकर थिजलेला असतो. मधला भाग त्यामानाने जाडसर कणांचा असतो आणि भेगांमुळे पडलेले खांब सरपणाच्या मोळीसारखे आडवे रचलेले दिसतात. २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या हायराइज कॅमेऱ्याला एका बिंदूत सुमारे ३० सेंटिमीटरचा तपशील टिपता येतो, पण खडकाचा कण त्यालाही दिसत नाही. त्यामुळे फाटा नसलेला, वळण नसलेला, जेमतेम काहीशे मीटरांचा तुकडा समोर आला, तर त्याला नुसते ‘उंचवटा’ म्हणणेच मला योग्य वाटते.