गावठाणाच्या कडेला घर बांधायचंय? प्लॅनआधी हे कागद बघा

मोठ्या खिडक्या, मधला चौक, वर गच्ची असा प्लॅन हौसेने काढून घेतात आणि जागेचे कागद नंतर शोधतात. महाराष्ट्रात गावाच्या कडेला बांधणाऱ्याने क्रम उलटा ठेवावा, कारण प्लॅनचा आकार बराचसा कागदच ठरवतात.

पहिला प्रश्न: जागा गावठाणात (नकाशावर वस्तीसाठी राखलेल्या गावाच्या हद्दीत) की बाहेर? आत असेल तर बांधकाम परवानगी ग्रामपंचायत देते. मालकीसाठी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल तर उत्तम. अनेक जण ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा पुढे करतात, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

बाहेरची शेतजमीन असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 42-ड पाहा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य झोनमध्ये असेल, तर निवासासाठी ती अकृषिक झाल्याचे मानले जाते. वेगळी एनए (अकृषिक) परवानगी लागत नाही, पण शासनाची देय रक्कम भरावी लागते. हे अंतर गावठाणाच्या नकाशावरच्या हद्दीपासून मोजतात, गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. वस्ती केव्हाच हद्दीबाहेर पसरलेली असते, त्यामुळे नजरेचा अंदाज हमखास चुकतो. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' (म्हणजे हस्तांतरणावर शासनाच्या अटी असलेली जमीन) दिसलं, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराण्याचा, म्हणजे शासनाला भरायच्या रकमेचा, विषय आधी मिटवा.

कागद असे: चालू सातबारा, 8-अ (तलाठ्याकडचा खाते उतारा), फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी), नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि भूमी अभिलेखकडची मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा). मोजणीत कंजुषी नको. चौथरा शेजाऱ्याच्या बांधात गेला की भांडण पिढीभर पुरतं. आणि घरापर्यंतचा रस्ता कागदावर आहे का, तेही बघा. तोंडी वहिवाटीवर घर उभं करू नये.

एकत्रित विकास नियमावली 2020 पासून लागू झाल्यावर लहान घरांचं काम सोपं झालं. भूखंड 150 चौरस मीटरपर्यंत असेल तर मालकीचे कागद, नकाशे, प्लॅन नियमात बसतो असा वास्तुविशारदाचा किंवा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीत दाखल करायची. वेगळ्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. 150 ते 300 चौरस मीटरसाठी ग्रामपंचायत कागद तपासून शुल्क कळवते आणि ते भरल्यावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देते. त्याहून मोठ्या भूखंडाचं प्रकरण नगररचना विभागाकडे जातं.

गृहकर्ज काढणार असाल तर बँकेला कोणता कागद चालेल ते दाखल करण्याआधीच विचारा. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला परवानगीचं पत्र हातात येत नाही, म्हणून पोच शिक्क्याची प्रत आणि पावत्या जपून ठेवा. घर पूर्ण झालं की ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नोंद करून घ्या.