ऊन तापलं की इंग्लंडचे कालवे का बंद पडतात

2025 च्या उन्हाळ्यात लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचे मोठे टप्पे पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले, मॅकल्सफील्ड कालव्याचंही तेच, आणि इंग्लंडसारख्या पावसाच्या देशात हे ऐकून नवल वाटतं. पण ह्याचं मूळ अडीचशे वर्षं जुनं आहे.

1761 ला ब्रिजवॉटर कालव्यातून वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला यायला लागला आणि त्याचा भाव जवळपास निम्म्यावर आला. तो कालवा सपाटीवरून नेलेला, त्यामुळे बोट वर-खाली नेणाऱ्या लॉकची गरजच नव्हती. खरी अडचण आली ट्रेंट अँड मर्सी कालव्याला, 1766 ला काम सुरू झालं, वाटेत चढ होता आणि तो लॉकच्या पायऱ्यांनीच चढायचा होता. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद, वरचं पाणी सोडून भरला की बोट वर येते, रिकामा केला की खाली जाते, आणि दर वेळी लाखभर लिटर पाणी वरून खाली निघून जातं ते परत वर येत नाही. ह्या कालव्याचा इंजिनिअर जेम्स ब्रिंडलीने हे लॉक जेमतेम 7 फूट रुंद ठेवले, बांधकामही कमी आणि पाणीही कमी. नॅरोबोट, म्हणजे ह्या कालव्यांवरची लांबट बोट, आजही तेवढीच अरुंद असते ती त्याच्या त्या मापामुळे, मला हे फार भारी वाटतं!

तरी पाणी पुरेना, म्हणून डोंगरात तलाव बांधले. त्यातलाच एक रुडयार्ड, 1800 च्या सुमाराचा. ह्याच तलावाकाठी पुढे एक जोडपं भेटलं, लग्न करून मुंबईला आलं, नवरा जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा, आणि 1865 ला मुंबईत झालेल्या मुलाचं नाव त्यांनी तलावावरून ठेवलं, तोच ‘जंगल बुक’वाला रुडयार्ड किपलिंग.

रेल्वे आल्यावर मालवाहतूक घटत गेली आणि 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे गोठले तेव्हा उरलीसुरलीही जवळपास संपली. 1946 पासून लोकांनी झगडून कालवे वाचवले, पण आता वर्दळ असते ती सुट्टीवाल्यांची. पूर्वी माल बाराही महिने हलायचा, आता बोटींची गर्दी नेमकी उन्हाळ्यात, तलाव तळाला गेलेले असताना. म्हणून कडक उन्हात लोखंडी बोट तव्यासारखी तापली तरी लॉकपाशी थांबून समोरून कोणी येतंय का बघायचं, म्हणजे एका हौदाच्या पाण्यात दोन बोटी निघतात.