पियानोच्या ग्रेड परीक्षेचा अर्ज: वडोदऱ्यातील पालकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

वडोदऱ्यातील मराठी घरांत संगीताची परीक्षा म्हटली की अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी डोळ्यांसमोर येते: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. पियानोची शिडीही तशीच आहे, पण ती चढण्याचे नियम वेगळे आहेत आणि अर्ज भरताना होणाऱ्या बहुतेक चुका ‘इथेही तसेच असेल’ या समजुतीतून होतात. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्षांच्या गायनशाळेतून या शहरात संगीतशिक्षणाची जी परंपरा सुरू झाली आणि जी आज सूरसागराकाठी विद्यापीठाच्या विभागात चालू आहे, तिच्याशी या ग्रेड परीक्षांचा प्रशासकीय संबंध नाही. त्यामुळे अर्जासाठी तिथल्या कार्यालयात चौकशी करण्याचा उपयोग होत नाही. या परीक्षा लंडनच्या मंडळांच्या आहेत आणि अर्ज थेट त्यांच्याकडे किंवा त्यांच्या स्थानिक प्रतिनिधीमार्फत जातो.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन मंडळे परिचित आहेत. एक म्हणजे १८८९ मध्ये स्थापन झालेले असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक, ज्याला सगळे एबीआरएसएम म्हणतात. दुसरे ट्रिनिटी कॉलेज लंडन, ज्याच्या परीक्षा १८७७ पासून चालू आहेत. दोन्हींत ‘इनिशियल’ या आरंभपातळीनंतर ग्रेड १ ते ८ अशा पायऱ्या आहेत. इंग्लंडच्या पात्रता-चौकटीत ग्रेड १ ते ३ पहिल्या स्तरावर, ४ आणि ५ दुसऱ्या स्तरावर, तर ६ ते ८ तिसऱ्या स्तरावर धरल्या जातात. मूल पुढे ब्रिटनमध्ये शिकायला जाणार असेल तर वरच्या तीन ग्रेडना तिथल्या विद्यापीठप्रवेशाच्या गुणांकनात वजन आहे. इथल्या प्रवेशासाठी मात्र त्या त्या संस्थेचा नियम पाहूनच अपेक्षा ठेवावी.

पात्रता

वयाची किमान वा कमाल अट नाही. सहा वर्षांचे मूल आणि साठीतले आजोबा एकाच सत्रात ग्रेड १ ला बसू शकतात आणि दोघांना एकाच निकषावर गुण मिळतात. गांधर्व मंडळाची सवय असलेल्या पालकांना पटायला जड जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे ग्रेड क्रमाने देण्याची सक्ती नाही. ग्रेड १ न देता थेट ग्रेड ३ चा अर्ज भरला तरी तो नाकारला जात नाही. याला एकच मोठा अपवाद आहे: एबीआरएसएमच्या ग्रेड ६, ७ आणि ८ साठी अर्ज करण्यापूर्वी त्याच मंडळाची ग्रेड ५ थिअरी (स्वरलेखन आणि संगीताचे नियम यांची) परीक्षा किंवा मंडळाने मान्य केलेला तिचा पर्याय उत्तीर्ण असावा लागतो. ट्रिनिटीमध्ये ही अट नाही. ग्रेड ५ पर्यंत थिअरीकडे लक्षच न दिलेले विद्यार्थी सहाव्या ग्रेडच्या अर्जापाशी येऊन अडकतात आणि मग त्यांचे एक सत्र हकनाक जाते. म्हणून चौथ्या ग्रेडपासूनच थिअरीची वही सुरू करावी, असे मी सांगते.

वाद्याविषयी मात्र नीट विचार करूनच विषय निवडावा. घरात ६१ पट्ट्यांचा, ताल आणि साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड असेल, तर तो पियानोच्या परीक्षेचे वाद्य होत नाही. ट्रिनिटीमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड’ हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा अभ्यासक्रम आणि पुस्तके वेगळी आहेत. पियानो या विषयासाठी डिजिटल वाद्य वापरायचे असेल तर त्याच्या पट्ट्या पूर्ण आकाराच्या, वजनदार आणि बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा करणाऱ्या असाव्यात आणि पेडल असावे. अर्जातील विषयाच्या यादीत ही दोन्ही नावे असतात आणि घाईत चुकीच्या नावावर बोट पडते.

कोणत्या ग्रेडचा अर्ज भरावा

पालक हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत आधी सोडवायला हवा. एबीआरएसएमच्या परीक्षकासमोरच्या परीक्षेत १५० गुण असतात: तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केल आणि आर्पेजिओ म्हणजे स्वरांच्या ठरावीक चढउतारांना २१, साइट-रीडिंग म्हणजे न पाहिलेले पान वाचून वाजवण्याला २१ आणि ऑरल म्हणजे कानाच्या चाचणीला १८. उत्तीर्ण होण्यासाठी १००, मेरिटसाठी १२० आणि डिस्टिंक्शनसाठी १३० गुण लागतात. प्रत्येक भागात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागत नाही, एकूण बेरीज पाहिली जाते. आता असे समजा की मुलाने तीन रचना वर्षभर घोटल्या आणि प्रत्येकी २७ म्हणजे ८१ गुण मिळवले, पण स्केलमध्ये ८, साइट-रीडिंगमध्ये ७ आणि ऑरलमध्ये ६ एवढेच मिळाले. बेरीज १०२ होते आणि प्रमाणपत्र हातात येते. घरी पेढे वाटले जातात, पुढच्या ग्रेडचा अर्जही भरला जातो; मात्र समोर ठेवलेल्या चार ओळी स्वतःहून वाचता न येणारे मूल त्या ग्रेडच्या रचना पुन्हा बोट धरूनच शिकते आणि चौथ्या-पाचव्या ग्रेडपर्यंत ते साफ कंटाळते. म्हणून पाठ झालेल्या रचना पाहून ग्रेड ठरवू नये. न पाहिलेले पान अर्ध्या मिनिटात नजरेखालून घालून मूल ते कितपत वाजवते, यावरून ठरवावी. परीक्षेतही तेवढाच वेळ मिळतो.

आपल्याकडच्या मुलांचा एक विशेष इथे नोंदवण्यासारखा आहे. दांडिया बाजारच्या वाड्यांतून आजही पेटी असते आणि पियानोला येणारे मूल बहुधा आधी पेटीवर बोटे फिरवून आलेले असते. त्याचा उजवा हात तयार असतो, सूर पक्का असतो, ‘काळी चार’ म्हटले की बोट बरोबर पडते. डाव्या हाताला मात्र भाता ओढण्यापलीकडे काही माहीत नसते. पियानोसमोर बसल्यावर असे मूल डावा हात नकळत कडेला नेते आणि मनगट मागेपुढे हलवू लागते; आठ वर्षांच्या एका मुलीने पहिले दोन महिने हेच केले होते. उलट ऑरलमध्ये हीच मुले सहज पुढे जातात. ग्रेड १ ला टाळी देऊन लय दाखवणे, परीक्षकाने वाजवलेल्या छोट्या स्वरावली तशाच गाऊन दाखवणे, दुसऱ्यांदा वाजवताना केलेला बदल ओळखणे आणि आवाजाच्या लहानमोठेपणाविषयी व स्वर जोडलेले की तोडलेले याविषयी उत्तर देणे, एवढेच असते. गळा गोड आहे की नाही याला गुण नाहीत, सूर बरोबर लागला पाहिजे. तेव्हा पेटीवरून आलेल्या मुलाचा अर्ज डाव्या हाताच्या तयारीवरून ठरवावा, गाण्याच्या तयारीवरून नव्हे.

ट्रिनिटीची परीक्षा १०० गुणांची असते. तीन रचनांना प्रत्येकी २२, तांत्रिक भागाला १४ आणि दोन पूरक चाचण्यांना प्रत्येकी १० अशी विभागणी असून ६० ला पास, ७५ ला मेरिट आणि ८७ ला डिस्टिंक्शन मिळते. ग्रेड ५ पर्यंत साइट-रीडिंग, ऑरल, उत्स्फूर्त वादन आणि संगीतज्ञान या चारांतून कोणत्याही दोन चाचण्या निवडता येतात. ही निवड विद्यार्थ्याला सोयीची आहे, पण साइट-रीडिंग टाळायची पळवाट म्हणून ती वापरू नये, कारण ग्रेड ६ पासून ते अनिवार्य होते.

समोरासमोर की व्हिडिओद्वारे

परीक्षक येतो ती परीक्षा सत्रानुसार आणि केंद्रानुसार होते. आपल्याला हव्या त्या सत्रात वडोदऱ्यातच केंद्र मिळेल असे गृहीत धरू नये. अहमदाबाद किंवा मुंबईला जावे लागेल, ही शक्यता ठेवूनच रजा आणि तिकिटे ठरवावीत. एबीआरएसएमची ग्रेड १ ची परीक्षा सुमारे १२ मिनिटांत संपते, ग्रेड ८ ला सुमारे ३० मिनिटे लागतात. बारा मिनिटांसाठी लहान मुलाला रात्रभर प्रवास घडवायचा का, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरा मार्ग २०२० पासून उपलब्ध झाला. एबीआरएसएमच्या ‘परफॉर्मन्स ग्रेड’मध्ये चार रचना सलग वाजवून व्हिडिओ पाठवायचा असतो. त्यांपैकी तीन रचना अभ्यासक्रमाच्या अ, ब आणि क याद्यांतून प्रत्येकी एक आणि चौथी आपल्या निवडीची असते. प्रत्येक रचनेला ३० आणि संपूर्ण सादरीकरणाला ३० असे १५० गुण होतात. स्केल, साइट-रीडिंग आणि ऑरल यात तपासले जात नाहीत. दोन्ही प्रकारांच्या प्रमाणपत्रांचा स्तर सारखाच आहे, तरी अगदी नवशिक्याची पहिली परीक्षा शक्यतो परीक्षकासमोर व्हावी, असे माझे मत आहे. आधी सांगितलेले १०२ गुणांचे दुखणे व्हिडिओच्या परीक्षेत दिसतच नाही.

व्हिडिओ एकाच दमात, कोठेही न कापता, न जोडता घ्यावा लागतो. कॅमेरा बाजूला ठेवून चेहरा, दोन्ही हात आणि पट्ट्या दिसतील असा कोन घ्यावा आणि सुरुवातीला नाव, विषय, ग्रेड व रचनांची माहिती सांगावी. दिवसाची निवड इथे फार महत्त्वाची आहे. नवरात्रात संध्याकाळनंतर आणि उत्तरायणाला तर दिवसभर गच्च्यांवरचे ध्वनिवर्धक चालू असतात. गणेशोत्सवात दांडिया बाजार, रावपुरा भागात काय होते ते वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून पियानोचा स्वर चढतो, एखादी पट्टी दाबलेलीच राहते. अर्जाची खिडकी पावसाळ्यात उघडत असेल तर ट्यूनिंग करणाऱ्याला आधी बोलावावे आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी चित्रण करावे.

कागदपत्रे

कागदपत्रांची यादी छोटी आहे. विद्यार्थ्याचे शासकीय फोटो ओळखपत्र, म्हणजे पासपोर्ट किंवा आधार, हाताशी ठेवावे. जन्मतारीख त्यावर आहे तशीच भरावी. सहाव्या ग्रेडपासून वरच्या एबीआरएसएम अर्जासाठी ग्रेड ५ थिअरीच्या उत्तीर्णतेचा पुरावा लागेल. दृष्टी, श्रवण, डिस्लेक्सिया किंवा अन्य कारणाने जादा वेळ वा मोठ्या अक्षरातील पान हवे असेल तर तज्ज्ञाचा दाखला अर्जाबरोबरच जोडावा, कारण परीक्षेच्या दिवशी तोंडी विनंती करून ही सवलत मिळत नाही. रचनांची मूळ छापील पुस्तके किंवा रीतसर विकत घेतलेली डिजिटल प्रत बरोबर असावी; मांडवीच्या दुकानात काढलेल्या झेरॉक्सवरून वाजवणे चालत नाही.

नावाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते तो भाग अनावश्यक वाटेल, पण तक्रारी येतात त्या याच रकान्याबद्दल. गुजरातच्या शालेय नोंदींत आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि काही कागदांवर मोठ्यांच्या नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ चिकटलेले असते. मंडळाच्या अर्जात नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. शाळेचा दाखला समोर ठेवून डावीकडून उजवीकडे नक्कल केली की मुलाचे आडनाव त्याचे नाव बनते आणि प्रमाणपत्र तसेच छापले जाते. वर्तक किंवा गोखले हे नाव आहे की आडनाव, हे लंडनमध्ये बसलेल्या माणसाने ओळखावे, ही अपेक्षा रास्त नाही.

अर्ज भरताना

एबीआरएसएमच्या व्यवस्थेत ‘अर्जदार’ आणि ‘परीक्षार्थी’ या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. अर्जदार १८ वर्षांवरील असावा लागतो. आई-वडील किंवा शिक्षक यांपैकी कोणीही चालतो. मात्र मंडळाचा सर्व पत्रव्यवहार, वेळापत्रक आणि निकाल त्या अर्जदाराकडेच जातो. माझ्या पाहण्यातील एका मुलीचे प्रमाणपत्र असेच शहर सोडून गेलेल्या शिक्षकांच्या पत्त्यावर पोहोचले आणि ते परत मिळवायला आईला बरीच पत्रापत्री करावी लागली. शिक्षकांनी अर्ज भरला तरी पोचपावती आणि परीक्षार्थी क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवावा.

खाते उघडणे, परीक्षार्थीची माहिती, विषय, ग्रेड, परीक्षेचा प्रकार, सत्र आणि शुल्क हा क्रम सरळ आहे. शुल्क ग्रेडप्रमाणे वाढते आणि वेळोवेळी बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून ऐकलेला आकडा न धरता चालू शुल्क पाहावे. त्याच वेळी अभ्यासक्रमाची मुदतही तपासावी, कारण रचनांच्या याद्या बदलत राहतात आणि मोठ्या भावंडाचे पुस्तक कदाचित बाद झालेले असते. अर्जाची मुदत संपल्यावर ग्रेड बदलून मागणे अवघड असते. ऐनवेळी आजारपण आल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून लगेच कळवावे. नुसते गैरहजर राहिल्यास शुल्क बुडते.

थिअरीची ऑनलाइन परीक्षा देणाऱ्यांनी कॅमेरा असलेला संगणक किंवा लॅपटॉप वापरावा, मोबाइल चालत नाही. खोलीत दुसरे कोणी नसावे, हे घरातील मोठ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

निकालात केवळ बेरीज नसते. प्रत्येक भागाचे गुण आणि परीक्षकाचा शेरा स्वतंत्र असतो. अनुत्तीर्ण झाल्यास किती वेळा बसावे यावर मर्यादा नाही, प्रत्येक वेळी नवा अर्ज आणि नवे शुल्क लागते. प्रमाणपत्र हाती आल्यावर ते चौकटीत घालण्यापूर्वी नाव, आडनाव आणि विषय ओळखपत्राशी ताडून पाहावेत आणि चूक आढळल्यास अर्जदाराने परीक्षार्थी क्रमांकासह त्याच आठवड्यात मंडळाला लिहावे.