लुआमधून सी++ चे क्लास वापरणे

सी++ या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचे क्लास (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणारे साचे) त्याच्या पोटात बसवलेल्या लुआ या स्क्रिप्टिंग भाषेला वापरू देण्याची पद्धत. लुआ १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. तिच्या आधीच्या एका भाषेचे नाव सोल, म्हणजे सूर्य, असे होते. दुसऱ्या प्रोग्रामच्या आश्रयाने राहायचे हे लुआच्या रचनेतच आहे, त्यामुळे हा विषय समजून घ्यायला तिच्याइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

लुआला सी++ चा क्लास कळत नाही. दोघांमधली सगळी देवाणघेवाण एका स्टॅकवरून, म्हणजे एकावर एक रचलेल्या मूल्यांच्या चळतीवरून, होते. ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातून घडलेली वस्तू, द्यायचा तर ‘युजरडेटा’ नावाची डबी तयार करून तिच्यात त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवतात आणि डबीला ‘मेटाटेबल’ जोडतात. या डबीवर कोणती क्रिया झाली तर काय करायचे, हे मेटाटेबल सांगते. समजा, स्क्रिप्टमध्ये ‘गाडी:थांब()’ असे लिहिले. लुआ मेटाटेबलच्या आधारे ‘थांब’ शोधते, तिथे नोंदवलेले सी या भाषेच्या धाटणीचे फंक्शन बोलावते आणि विसर्गासारख्या त्या दोन टिंबांमुळे गाडी स्वतःच पहिला आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य) म्हणून जाते. फंक्शनने आधी मेटाटेबल ताडून ही खरोखर गाडीच आहे ना, हे पाहायचे असते. ही तपासणी गाळली, तर स्क्रिप्टमधली साधी चूक अख्खा प्रोग्राम पाडू शकते.

खरी कसोटी मालकीची. लुआचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग, फक्त डबी ओळखतो. सी++ ने ऑब्जेक्ट नष्ट केला आणि स्क्रिप्टमध्ये डबी उरली, तर आतला पत्ता पाडलेल्या घराचा असतो. उलट, लुआने डबी टाकताना ऑब्जेक्टही नष्ट केला, तर सी++ तोंडघशी पडते. म्हणून ऑब्जेक्ट कोण नष्ट करणार, हे क्लासगणिक आधीच ठरवावे. जिथे मालक सी++ आहे, तिथे डबीत पॉइंटरऐवजी ओळख क्रमांक ठेवून दर वेळी ऑब्जेक्ट शोधणे थोडे संथ पडते, पण सुरक्षित असते. शिवाय एकच ऑब्जेक्ट दोनदा पाठवला, तर दोन डब्या होतात आणि साध्या तुलनेत त्या वेगळ्या ठरतात. ते टाळण्यासाठी आधीच्या डब्या कमकुवत संदर्भांच्या (गार्बेज कलेक्टरला न अडवणाऱ्या) टेबलमध्ये जपून ठेवतात आणि तीच डबी पुन्हा देतात.

आणखी एक सापळा एररचा. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर आली की सीच्या ‘लाँगजम्प’ या फंक्शनने थेट बाहेर उडी मारते. वाटेतल्या सी++ ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर (नष्ट होताना आवराआवर करणारी फंक्शने) चालतीलच याचा भरवसा नसतो. लुआ सी++ म्हणून कंपाइल केल्यास ती एक्सेप्शन, म्हणजे सी++ ची स्वतःची एरर कळवण्याची सोय, वापरते आणि डिस्ट्रक्टर नीट चालतात.

हे जोडकाम हाताने लिहिणे कंटाळवाणे असल्याने टूलुआ++, लुआब्रिज, सोल२ (वरच्या सोल भाषेपेक्षा वेगळे) अशी साधने वापरतात. मालकीचा निर्णय मात्र प्रोग्रामरलाच घ्यावा लागतो.